आउटर सिग्नलची दुसरी बाजू

"वरचं ते वाजणं पोरीच्या कानावर पडू देऊ नको वं," भारंबेकाकू म्हणाल्या, "सवय लागते."

किल्ली माझ्या हातावर ठेवता ठेवता त्यांनी हे सांगितलं आणि मी नुसती मान हलवली. माझ्यापाशी काळज्यांची रांग आधीच लागलेली होती. जिन्याचा कठडा किती उंच, खिडकीच्या जाळीला भोक कुठे, टाकी शेवटची कधी धुतली, मागच्या भाडेकरूंना कावीळ तर झाली नव्हती ना. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, स्वच्छ पेल्यातल्या पाण्यातही मला वळवळ दिसायची. कौमुदी तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची. तिला घ्यायला कुणी हात पुढे केले की माझ्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "धुतलेत?" त्या रांगेत वरच्या मजल्यावरच्या संगीताला कुठून जागा असणार!

ही गोष्ट भुसावळची. हर्षदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, तिथल्या वीजकेंद्रात बदली झाली होती. त्याच्या पाळ्या अशा विचित्र, की एका घरात राहून आमची गाठ पडायची ती दाराच्या उंबऱ्यात. तळमजल्यावर मालकीणबाई भारंबेकाकू, मधे आम्ही आणि गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत उजागरेकाका. सॅम्युअल उजागरे. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. बायको गेलेली, मुलगी कॅनडात. एवढी माहिती काकूंनी पहिल्याच चहाला पुरवली आणि वर म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा हाय. फक्त ते वाजवून राह्यले ना, की वाटतं गाडी रुळावरून उतरली."

पहिल्याच आठवड्यात कळलं. कौमुदी संध्याकाळी दिवे लागले की रडायला लागायची आणि दम लागेपर्यंत रडायची. डॉक्टर म्हणाले पोटात मुरडा येतो, होईल कमी. हिंग लावून झाला, ओवा शेकून झाला, आईला फोन करून झाला. एका संध्याकाळी ती अशीच किंचाळत असताना वरून धाडधाड सुरू झालं. ढोल म्हणावं तर ढोल नव्हे, वरात म्हणावी तर वरात नव्हे. माझं डोकं फिरलं. पोरीला तशीच खांद्यावर टाकून मी जिना चढायला लागले. मनात वाक्यं जुळवत होते, की अहो, घरात तान्हं मूल आहे, तुम्हाला काही आहे की नाही.

मधल्या वळणावर माझ्या लक्षात आलं की आवाज फक्त वरूनच येतोय. खांद्यावरून काहीच येत नव्हतं. कौमुदी गप्प होती. डोळे टक्क उघडे, मूठ तोंडात.

दार उघडंच होतं. उंच, काटकुळा, पट्ट्यांचा पायजमा घातलेला एक म्हातारा रेकॉर्ड प्लेयरपाशी उभा होता. मला बघून त्यांचा हात लगेच आवाजाच्या बटणाकडे गेला.

"कमी करायला सांगायला आलात ना?"

"हो," मी म्हटलं. "म्हणजे... नाही. जरा वाढवता का?"

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कौमुदीकडे. "या घरात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकतोय," ते म्हणाले आणि खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून त्यांनी मला बसायला जागा केली. मग स्वतःहून मोरीत जाऊन हात धुऊन आले. मी 'धुतलेत?' म्हणायच्या आत.

तिथून आमचं वर जाणं सुरू झालं.

त्यांच्या खोलीत भिंतीलगत केळीचे क्रेट रचलेले होते, जळगावहून ट्रकमध्ये चढतात तसले प्लास्टिकचे. त्यांत केळी नव्हती, रेकॉर्डी होत्या. सगळ्या अशा लोकांच्या, की ज्यांची नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती. कुणी जपानी, कुणी पोलंडचे, कुणी ब्राझीलचे, एक तर बंदरावरच्या हमालांनी मिळून केलेली.

"हे सगळं कुठल्या प्रकारात मोडतं, काका?"

"तीच तर गंमत आहे ना. जॅझवाल्यांना वाटलं ही फंक आहे. फंकवाल्यांना वाटलं हा रॉक आहे. आणि रॉकवाल्यांना वाटलं यांना वाजवता येत नाही." ते एकेक रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसत होते. "मग कुणीच घरी नेली नाही. असल्या पोरक्या रेकॉर्डी मी गोळा करतो. मिळायच्या त्या कलकत्त्याला. माझी ड्यूटी तिथपर्यंत नव्हती, पण नागपूरच्या गार्डाकडून पुढच्या गार्डाकडे निरोप जायचा. रेकॉर्ड ब्रेकव्हॅनमधून यायची. फुकट, बसल्या जागी, आणि फुलासारखी."

"पण एवढ्या गोंधळातून ऐकायचं काय?"

"एक वाद्य धरायचं. जत्रेत पोराचं बोट धरतात तसं. त्याला सोडायचं नाही. बाकीचे धक्के मारू दे."

मी प्रयोगशाळेत वाढलेली मुलगी, मला असं काही सांगितलं की आवडतं. मी एकेक धरून ऐकायला लागले. कधी झांज, कधी गिटार. कौमुदी मांडीवर. सुरुवातीला तिच्या कानात कापसाचे बोळे घालून जायचे, पुढे तेही सुटलं. काका आवाज बेताचाच ठेवत, आणि खिडकीतल्या इन्शुलिनच्या पेनाकडे मी बघतेय हे दिसलं की म्हणत, "तुझी नजर म्हणजे तिकीट तपासनीसाची आहे, ऋजुता. माझी साखर व्यवस्थित आहे. तू तुझी रेकॉर्ड ऐक."

त्या सगळ्या रेकॉर्डींमध्ये कौमुदीची एकच होती. आउटर सिग्नल.

बँडचं नाव तेच, रेकॉर्डचं नाव तेच. काका म्हणाले, इथलीच पोरं होती, भुसावळची. डेरिक नावाचा अँग्लो-इंडियन सॅक्सोफोनवर, लोको शेडमधल्या फिटरचा मुलगा अब्बास ड्रमवर. लग्नाच्या बँडमधून उचललेला रघू ट्रम्पेटवर, कुणी एक गिटारवर, कुणी एक बेसवर, म्हणजे खर्जाच्या गिटारवर. आणि एका गाण्यात तर चक्क संबळ. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाताळच्या नाचाला वाजवता वाजवता त्यांना वाटलं, आपलं स्वतःचं काही असावं. मुंबईला गेले, एक रेकॉर्ड केली आणि पांगले.

"चालली नाही?"

"गाडी स्टेशनाबाहेर आउटरला उभी राहिली की कधी सुटेल ते कुणी सांगावं!" काका म्हणाले. "अजून उभीच आहे म्हण."

त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. सुरुवातीला नुसता बेस. खाली, जमिनीतून यावा तसा. सात मात्रांचा एक तुकडा, पुन्हा तोच, पुन्हा तोच, गाडी थांबलीय पण इंजिन धडधडतंय तसा. त्यावर हळूहळू बाकीचे येऊन बसतात. मग पुन्हा सगळे उतरतात, बेस एकटा राहतो, तोच तुकडा फिरत राहतो, फिरत राहतो, आणि एकदम थांबा. पूर्ण शांतता, श्वासभर. आणि त्या शांततेतून ट्रम्पेट उठतं, वरात वळणावरून अचानक समोर यावी तसं.

कौमुदी त्या थांब्यापाशी झोपायची. अगदी ठरवून झोपल्यासारखी. बेस फिरत असताना पापण्या जड, थांबा आला की मिटल्या. ट्रम्पेटने ती कधी दचकली नाही.

मी खालून ऐकत असले तरी मला कळायचं, आता थांबा येणार. वर बसलेली असले की आणखी एक कळायचं. थांबा यायच्या जरा आधी काका उठत. फडकं घेऊन प्लेयरपाशी जात, माझ्याकडे पाठ करून वाकत. धूळ पुसत असतील असं मी धरून चालले होते. आधी पाठ, मग थांबा, मग ट्रम्पेट. असा क्रमच होता.

एकदा मी म्हटलं, "काका, तो मधला थांबा काय सुंदर घेतलाय हो! सगळं गाणं त्या रिकाम्या जागेवर उभं आहे."

त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "कुठला?"

"तो हो, ट्रम्पेटच्या आधीचा. कुणाला सुचलं असेल?"

"हं," ते म्हणाले. "बरा आहे, नाही?" आणि चहा ठेवायला आत गेले. आतून कितीतरी वेळ त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, माझ्यासारख्या नवशिक्या बाईने असं काही बोलावं याचं हसू आलं असेल. मी जरा रागावलेच.

काकू जिन्यात गाठून म्हणायच्या, "लागली ना सवय? मले काही त्यातलं आयकू येत नाही आता. भिंतीवरच्या घड्याळागत झालंय."

"मग बरंच की, काकू."

"बरं काय त्यात?" त्या म्हणाल्या. पण मी तेव्हा घाईत होते, दूध उतू जात होतं.

मार्गशीर्षात काकूंनी भरिताचा बेत केला. त्या दिवसांत तिकडे घरोघरी तेच चाललेलं असतं. पांढरट हिरवी, हातभर लांब वांगी आणायची, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यात भाजायची, साली काढून लाकडी बडगीत मुसळाने ठेचायची. काकूंची नणंद यावलहून आली होती. अंगणात सकाळपासून जाळ आणि धूर. आमच्या खिडक्या मी घट्ट लावून घेतल्या होत्या, तरी कौमुदीचे डोळे चुरचुरत होते, शिवाय दात येत होते. ती किरकिर करून करून वैतागली होती, मीही. हर्षद कामावर होता.

वर गच्चीच्या कठड्यावरून काकांनी खाली वाकून ओरडून विचारलं, "भारंबेबाई, किती वेळ?"

"वांगी काय तुमची रेल्वे हाय? होईल तेव्हा होईल!"

"लवकर करा. सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय. चहाबरोबर बिस्किटसुद्धा नाही!"

"मग आज पातेलं लपवून ठेवा लागते," नणंद म्हणाली आणि दोघी हसल्या. मीही हसले. जिन्यातून वर हाक मारली, "काका, आउटर लावता का? दुसरी बाजू! ही झोपेना झालीय."

"लावतो, लावतो. डेरिक अँड कंपनी तुमच्या सेवेला हजर."

पहिलं गाणं वाजलं, दुसरं वाजलं. मी कौमुदीला थोपटत येरझाऱ्या घालत होते. तिसरं सुरू झालं. बेस. ती थोडी निवली. बाकीचे चढले, उतरले, बेस एकटा राहिला. पापण्या जड झाल्या. मी वाट बघत होते, आता थांबा.

वर कुणीतरी खोकलं.

थांबा आला नाही. बेस तसाच फिरत राहिला. मला वाटलं, आज लांबवलंय. मग हसू आलं, रेकॉर्ड कशी लांबेल! माझंच मोजमाप चुकलं असेल. कौमुदीने डोळे उघडले. वरून पुन्हा खोकल्याचा आवाज आला, एकच, कोरडा, दाबलेला.

खाली काकूंनीही ऐकला. "उजागरे! खिडकी लावा ना वो! धूर जाऊन राह्यला वर!"

उत्तर आलं नाही. खोकला आला.

"खोकते म्हणजे हाय जागा," नणंद म्हणाली. मग दोघी बडगीवर बसल्या आणि ठेचायला लागल्या, आळीपाळीने, एक मुसळ वर तर एक खाली.

मी खिडकीपाशी उभी राहिले. वर बेस, मधून मधून काकांचा खोकला, खाली मुसळं. कौमुदी आता चांगलीच जागी होती. रडत नव्हती, पण कपाळाला बारीक आठी घालून छताकडे बघत होती, कुणी आपलं ठरलेलं काही काढून घेतल्यासारखी. मला आठवलं, एक वाद्य धरायचं. चाळाच लागला होता मला तो. मी मुसळ धरलं. काकूंचं मुसळ. दण दण, दण दण, दण दण दण. मला गंमत वाटली, दोघी बेसच्या सात मात्रांत ठेचत होत्या. त्यांना स्वतःला पत्ता नसणार. काकूंच्या डोक्यावर चार महिने रोज पडत होतं, हातात उतरलं होतं, आणि नणंद त्यांच्या मुसळाला मुसळ देत होती.

दण दण, दण दण, दण दण दण. खोकला.

दण दण, दण दण, दण दण दण. मग एक फेरा नुसताच. मग पुन्हा फेरा, आणि शेवटच्या दणक्यावर, नेमका त्याच दणक्यावर, खोकला.

मी आणखी एकदा ऐकलं. तसाच. तेवढाच. तिथेच.

माणूस तालात खोकत नाही.

जिना मी उतरले की चढले हे मला सांगता येणार नाही. आधी उतरले असणार, कारण मला आठवतं ते हे, की काकू बडगीपुढे बसल्या होत्या, कोपरापर्यंत हात काजळीने काळे, बोटांना वांग्याचा लगदा, आणि मी त्यांच्या हातात कौमुदी दिली. तशीच. काही न विचारता.

"आगं, माझे हात..."

"धरा हिला! काका पडलेत!"

"खोकून राह्यले ना वं ते आत्ता!"

"ते काका नाहीत, काकू! ती रेकॉर्ड आहे!"

दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. प्लेयर फिरत होता. सुई एका जागी जाऊन कच्चकन मागे येत होती, आणि खोलीत कुणीतरी खोकत होतं, आणि काका खुर्ची नि पलंग यांच्या मधल्या फटीत अर्धवट बसल्यासारखे घसरलेले होते. सदरा घामाने चिंब. डोळे अर्धे उघडे, ओठांतून काहीतरी पुटपुटणं, पण मी कोण हे त्यांना ओळखू येत नव्हतं. खिडकीत इन्शुलिनचं पेन. सकाळचं इंजेक्शन नेहमीसारखं घेतलेलं, आणि पोट भरितासाठी रिकामं. साखर एकदम उतरली होती.

स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे असतो मला माहीत होतं, चहा मीच करायचे कितीदा. पाणी पाजायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल, हे कुठेतरी वाचलेलं डोक्यात होतं. त्यांना कुशीवर वळवलं, ओल्या बोटावर साखर घेतली आणि गालाच्या आतून, हिरड्यांवर चोळत राहिले. पुन्हा साखर, पुन्हा बोट. मागे रेकॉर्ड खोकतच होती. ती बंद करायचंही मला सुचलं नाही.

काकूंच्या नणंदेने समोरच्या डॉक्टरांना ओढत आणलं. त्यांनी रक्तातली साखर मोजली, लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं आणि म्हणाले, "अजून थोडा वेळ गेला असता तर मला बोलवायची गरज नव्हती."

दवाखान्याच्या व्हरांड्यात काकू माझ्याशेजारी बसल्या होत्या. कौमुदी त्यांच्या मांडीवर गाढ झोपली होती. तिच्या पांढऱ्या झबल्यावर पाचही बोटं काजळीने उठलेली.

"म्या खिडकी लावा म्हटलं," काकू म्हणाल्या. "माणूस मरून राह्यला आणि मी म्हणते खिडकी लावा."

"तुम्हाला काय माहीत, काकू."

"मलेच तं माहीत होतं वं. माझी सासू अंथरुणावर होती तवा दिवसभर हाका मारे. सिंधू, ए सिंधू. पाण्याले सिंधू, माशी बसली तरी सिंधू. पयल्यांदा धावत जाये मी. मग सवय लागली." त्यांनी कौमुदीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काळा झाला म्हणून पदराने पुसला. "मग एक दिवस तिनं खरोखरची मारली. मी भाकरी थापत होती. आयकू आली पण आलीच नाही. तुले त्या दिवशी तेच सांगत होती मी. वाजणं वाईट नसते. सवय वाईट असते."

सकाळी काका उशीला टेकून बसले होते. काकूंनी मऊ केलेलं भरीत वाटीत आणलं होतं आणि त्या चमच्याने भरवत होत्या. "खा आता. याच्यासाठी जीव देत होते ना? खा."

"तिखट कमी आहे," काका म्हणाले.

"मेलेला माणूस तिखट मागते पाहा!"

मग माझ्याकडे वळून काकांनी विचारलं, "रेकॉर्ड बंद केलीस का?"

"केली. डॉक्टर आल्यावर. काका, त्यात कोण खोकतं?"

त्यांनी चमचा बाजूला केला. "ऐकलंस म्हणजे शेवटी."

"मी कधीच कसं ऐकलं नव्हतं?"

"मी कुठे ऐकू देत होतो. सुई उचलायचो ना आधीच, आणि पुढे टेकवायचो. तुझा तो सुंदर थांबा." त्यांना हसू आवरेना, सलाईनची नळी हलायला लागली. "तो डेरिकला नाही सुचला, अब्बासला नाही. तो माझ्या बोटाचा थांबा आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी सुई टेकवून टेकवून तिथे ओरखडा पडला. आता कुणी उचलली नाही, तर सुई तिथे जाऊन आपटते आणि चार रेघा मागे येते."

"पण का?"

"कारण तो मी आहे."

काकू म्हणाल्या, "कोण तुम्ही?"

"बेसवाला. आउटर सिग्नलचा बेसवाला सॅम्युअल उजागरे. ताप होता मला त्या दिवशी. स्टुडिओची वेळ संपत आली होती. पहिल्यांदाच सगळं जुळलं होतं, असं जुळलं की आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो, मोडेल म्हणून. रघूने ट्रम्पेट ओठाला लावलं आणि मला ढास आली. दाबली दाबली आणि सुटली. पुन्हा वाजवायला वेळच नव्हता. तशीच छापली. सगळे म्हणाले, अरे, काही नाही त्याचं. रघू तर म्हणाला, बरं झालं, मला इशारा मिळाला. पण मला ऐकवेना. पुढे बोलावलं तरी मी गेलो नाही. रेल्वेत लागलो. बेस विकून टाकला."

काकूंनी वाटीतला शेवटचा चमचा त्यांच्या तोंडात घातला.

"एवढ्या वर्षांपयले खोकून ठेवलं," त्या म्हणाल्या, "आणि काल कामी आलं. अन् तुम्ही ते झाकून ठेवत होते, वेडे कुठले!"

काका घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे वर जमलो. हर्षदलासुद्धा सुटी होती. काकू रेकॉर्डच्या खोलीत पहिल्यांदाच बसल्या, तेही दाराशी, चप्पल हाताशी ठेवून, पळायची वेळ आली तर असावी म्हणून. काकांनी दुसरी बाजू लावली. तिसऱ्या गाण्यात बेस एकटा उरला, तसे ते सवयीने उठले, फडकं घेतलं, वाकले. मी बघत होते. त्यांचा हात सुईवर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी ती उचलली नाही.

खोकला आला. तरुण माणसाचा, दाबलेला, ओशाळा. मग काकांनी बोटाने सुईला अगदी हलकं पुढे ढोसलं, ओरखड्यावरून पार केलं, आणि ट्रम्पेट उठलं.

थांबा गेला म्हणून कौमुदी आता झोपायची नाही, ही माझी नवी काळजी तयारच होती. ती झोपली नाहीच. तिने मान वळवली, काकांकडे बघितलं आणि खोकली. खोटं खोटं, लहान मुलं खोकतात तसं, तोंडाचा चंबू करून. मग स्वतःवरच खूश होऊन हसली.

"पुन्हा लावा," हर्षद म्हणाला.

पुन्हा लावली. पुन्हा त्याच जागी ती खोकली. काका खुर्चीत बसून इतके हसले की काकूंनी साखरेचा डबा जवळ ओढून ठेवला.

आम्ही भुसावळ सोडलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कौमुदी शाळेत बाकावर सात मात्रा वाजवते म्हणून तिच्या बाईंची तक्रार असते. काकांच्या मुलीने त्यांच्यासाठी साखर सांगणारं यंत्र पाठवलंय, ते दंडाला चिकटवलेलं असतं आणि कमी झाली की वाजतं. पण काकू त्याच्यावर विसंबून नाहीत. दुपारी वर एक चक्कर असतेच त्यांची. फोनवर म्हणाल्या, "ते यंत्र रोज वाजते ना वं. त्याचीबी सवय लागीन."

माझ्या काळज्या मात्र अजून आहेत, कमी झालेल्या नाहीत. फक्त रांगेत एकीने पुढचा नंबर लावलाय. म्हणून आता तुम्हालाच विचारते. तुमच्या वर, खाली, भिंतीपलीकडे कोण राहतं? एकटं, आणि रोज कसलातरी आवाज करणारं. रेडिओ असेल, नळाखाली घासलेली भांडी असतील, पहाटेचं स्तोत्र असेल, खोकला असेल. आज ऐकलात का तो? खरोखर ऐकलात? वाचणं राहू द्या इथेच. वर जाऊन या जरा. हात नाही धुतलेत तरी चालेल.